शून्य टक्के कोणासाठी? कारंजा लाडच्या कापसाची दीडशे वर्षांची गोष्ट

ज्यांना कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्याने वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

समृद्धी महामार्गाने नागपूरहून निघालात की वर्धा आणि अमरावती जिल्हा मागे टाकून वाशिम जिल्ह्यात शिरल्यावर कारंजा लाडची पाटी दिसते. बहुतेक लोक ती बघतात आणि पुढे जातात. दत्तभक्त मात्र इथे वळतात, कारण नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव आणि इथलं गुरुमंदिर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आज आपण तिसऱ्याच कारणासाठी वळणार आहोत. हे गाव कापसाचं आहे आणि आपला विषय आहे एक आकडा. शून्य.

बातम्यांमध्ये हा आकडा सारखा येतो. अमुक देशाच्या मालावर शून्य टक्के आयात शुल्क. गरीब देशांना करमुक्त प्रवेश. आयात शुल्क म्हणजे काय, तर बाहेरून आलेल्या मालावर सीमेवर घेतलेला कर, जुन्या भाषेत जकात. शंभर रुपयांच्या मालावर दहा टक्के जकात असेल तर तो माल आत येतो एकशे दहाला. शून्य असेल तर शंभरालाच. ऐकायला ही निव्वळ सवलत वाटते. पण हे शून्य कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं आणि कोण ते पुसू शकतो, हे विचारलं की गोष्ट बदलते. आणि हे समजून घ्यायला कारंज्यासारखं दुसरं ठिकाण सापडणं अवघड आहे.

आधी गाव बघू

कारंजा हे जुनं, श्रीमंत व्यापारी गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही वेशींची नावं बघितली तरी कळतं की इथून चारी दिशांना वाटा फुटत होत्या. १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्यानंतर मराठ्यांची फौज थेट वऱ्हाडात, कारंज्यावर आली. इथून उंची कापड, सोनं आणि चांदी बैलांवर आणि गाढवांवर लादून नेली गेली. लक्षात घ्या, लुटीत कापड होतं. म्हणजे त्या काळात कारंज्याच्या पेठेतली श्रीमंती तयार कापडातही मोजली जात होती.

आता दोनशे वर्षं पुढे या. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. नाव निजामाचं आणि कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटचा. इंग्रजांना वऱ्हाड का हवा होता? काळी माती आणि त्यातला कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्या रिकाम्या पडल्या. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. जगाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी होतं आणि इथल्या शेतकऱ्याचं वर्ष बनतं किंवा बुडतं, हा अनुभव वऱ्हाडाला तेव्हापासून आहे.

भाव कोसळले तरी मँचेस्टरला वऱ्हाडचा कापूस हवाच होता. तक्रार एकच होती, माल स्वच्छ येत नाही. कोणी माती मिसळतो, कोणी पाणी मारतो, कोणी दोन जातींचा कापूस एकत्र करतो. इंग्रज सरकारने त्यासाठी खास कापूस आयुक्त नेमला होता, रिव्हेट-कार्नाक नावाचा. आणि पुढे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंज्यात एक नवी गोष्ट सुरू झाली, नियमाने चालणारा कापूस बाजार. शेतीमालाचा भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून पाठ्यपुस्तकांत ज्याचं नाव येतं तो हाच.

म्हणजे आज ज्या बाजार समित्यांवरून आपल्याकडे निवडणुका लढवल्या जातात आणि आंदोलनं होतात, त्या कल्पनेचा उगम कारंज्यात आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. ठरलेली जागा, परवाना असलेले अडते आणि मापारी, ठरलेली फी. शेतकऱ्याला याचा फायदा झालाच, कारण निदान वजन आणि कापातली मनमानी कमी होण्याची सोय झाली. पण बाजार चालवणाऱ्या समितीवर कोण होतं? मुख्यतः व्यापारी, आणि नगरपालिकेची माणसं. ज्याचा कापूस, त्याची खुर्ची तिथे नव्हती. १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही वऱ्हाडच्या पद्धतीतली ही उणीव दाखवली होती. ही खुर्ची लक्षात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

पहिलं शून्य, १८८२

कारंज्यात बाजाराचे नियम लिहिले जात होते तेव्हा कलकत्त्यात आणि लंडनमध्ये जकातीचे नियम लिहिले जात होते. त्याआधी शंभर-दीडशे वर्षं इंग्लंडने भारतीय कापडाला दारं बंद केली होती. १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी छापील सुती कापडावर तिथे बंदीच घातली. यंत्रं आली, मँचेस्टर जगाला कापड पुरवायला लागलं, आणि मग तेच लोक मुक्त व्यापाराची भाषा बोलू लागले.

भारतात बाहेरच्या कापडावर पाच टक्के जकात होती. फार नाही. पण मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या होत्या, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती, आणि मँचेस्टरला ते पाच टक्केही टोचत होते. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटनने स्वतःच्याच कौन्सिलमधल्या बहुमताला बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरची जकात उठवली. १८८२ मध्ये तर जवळपास सगळीच आयात जकात गेली. शून्य टक्के.

आता कारंज्याच्या बाजारात उभं राहून हे बघा. इथला कापूस गाठी बांधून मुंबईला, तिथून जहाजाने इंग्लंडला. तिथे सूत, कापड, छपाई. आणि तेच कापड परत येतं, सीमेवर एक पैसाही न भरता. पिकवायचं इथे, पण कापड करण्यात जी कमाई आहे ती तिकडे.

१८९४ मध्ये सरकारची तिजोरी रिकामी झाली म्हणून जकात परत आली, तर मँचेस्टरने ओरड केली. मग तोडगा निघाला. १८९६ पासून विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात, आणि भारतीय गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर. म्हणजे कारंज्याच्या एखाद्या दुकानात दोन ठाण शेजारी ठेवले आहेत असं समजा. एक मँचेस्टरहून हजारो मैल आलेला, दुसरा नागपूरच्या गिरणीतला. दोघांवर कर सारखाच. आपल्याच घरात बनवलेल्या मालावर, तो परक्याच्या बरोबरीत राहावा म्हणून कर. याच करावर चिडून टिळकांनी १८९६ मध्ये महाराष्ट्रात विदेशी मालाच्या बहिष्काराची मोहीम चालवली, पुण्यात विलायती कापड जाळलं गेलं. वंगभंगाच्या आंदोलनाच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. हा अबकारी कर सुटायला १९२६ साल उजाडावं लागलं.

मधल्या काळात कारंज्याला रेल्वे आली. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फूट रुंदीचा रूळ, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीचा कारभार. आपण तिला शकुंतला म्हणतो. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर पोचवायचा, हे तिचं मुख्य काम. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिला सत्तर वर्षं ओढत होतं. १९९४ च्या एप्रिलमध्ये ते थांबलं आणि डिझेल इंजिन आलं. मँचेस्टरसाठी कापूस वाहणारी गाडी, तीही मँचेस्टरच्याच इंजिनाने.

जपान रुसला तेव्हा

१९३२ मध्ये कॅनडात ओटावाला ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी करार केला. साम्राज्यातल्या मालाला कमी जकात, बाहेरच्याला जास्त. म्हणजे शून्य नाही, पण प्राधान्य. तेव्हा स्वस्त जपानी कापड भारतात ओतलं जात होतं. ते रोखायला १९३३ च्या जूनमध्ये ब्रिटिश नसलेल्या कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली.

जपानने काय केलं? तिथल्या सूतगिरण्यांनी भारताचा कापूस घेणंच बंद केलं. आणि जपान तेव्हा आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक होतं. वऱ्हाडचा कापूस त्यातलाच, व्यापारात त्याचं नाव 'उमरा', अमरावतीवरून पडलेलं. मुंबईच्या गिरण्यांना वाचवायला लावलेली जकात वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या अंगावर आली.

शेवटी १९३४ मध्ये तडजोड झाली. जपानने १० लाख गाठी भारतीय कापूस घ्यावा, बदल्यात ३२.५ कोटी वार कापड भारतात विकावं. कापूस जास्त घेतला तर कापडही जास्त विकता येईल, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत. १९३३ मध्येच मुंबईच्या गिरणीमालकांच्या वतीने होमी मोदी आणि लँकेशायरचे प्रतिनिधी क्लेअर-लीस यांच्यातही करार झाला होता, त्यातही लँकेशायरने भारतीय कापूस जास्त वापरावा असं ठरलं. म्हणजे बोलणी कापडाची, पण टेबलावर वजन टाकलं ते कच्च्या कापसाने. फक्त कापूस पिकवणारा माणूस त्या टेबलाशी नव्हता.

१९६८, दिल्ली: उलटं शून्य

स्वातंत्र्य मिळालं. जगाच्या व्यापाराला गॅट नावाचा करार लागू होता. त्याचा पाया साधा, एका देशाला जो दर द्याल तोच सगळ्यांना द्या. न्याय्य वाटतं ना? पण अर्जेंटिनाचा एक अर्थतज्ज्ञ, राऊल प्रेबिश, म्हणत होता की असमान लोकांना सारखा नियम लावला की असमानता तशीच राहते. कच्चा माल विकणाऱ्या देशांना कारखाने उभारायचे असतील, तर श्रीमंत देशांनी त्यांच्या तयार मालावर कमी जकात किंवा शून्य जकात ठेवावी, आणि बदल्यात काही मागू नये. १८८२ च्या शून्याच्या अगदी उलट शून्य. तेव्हा ताकदवान देशाच्या कापडासाठी गरीब देशाचं दार उघडलं होतं, आता गरीब देशाच्या मालासाठी श्रीमंत देशाचं दार उघडायचं.

१९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, म्हणजे अंक्टाड, जिनिव्हाला भरली. दुसरी परिषद १९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या नवी दिल्लीत. इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या. याच दिल्लीच्या परिषदेत ही कल्पना ठराव म्हणून मान्य झाली. इंग्रजी नावाची अक्षरं घेऊन तिला जीएसपी म्हणतात. १९७१ च्या जूनमध्ये गॅटने आपल्या सारख्या दराच्या नियमातून दहा वर्षांची सूट दिली, जुलैत युरोपने आणि ऑगस्टमध्ये जपानने योजना सुरू केली. अमेरिका १९७६ च्या जानेवारीत आली. १९७९ मध्ये दहा वर्षांची सूट कायमची झाली.

कारंज्याला आनंद व्हावा अशी गोष्ट. पण बारीक अक्षरं वाचा. अमेरिकेने आपल्या यादीतून कोणता माल जवळपास पूर्ण वगळला? कापड आणि कपडे. कारण तिथल्या कापडधंद्याला झळ बसेल. वर १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत कापड आणि कपड्यांच्या निर्यातीवर देशवार कोटे होते. म्हणजे गरीब देशांना जे सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगलं बनवता येतं, नेमकं तेच दाराबाहेर. सवलत होती, खोटी नव्हती. भारताच्या इंजिनिअरिंग, रसायनं, चामडं अशा कितीतरी मालाला तिचा फायदा झाला. कापसाच्या गावाला मात्र या दाराने फार काही मिळालं नाही.

दुसरी बारीक अक्षरं म्हणजे देणाऱ्याची मर्जी. २०१८ मध्ये अमेरिकेच्या या योजनेचा सगळ्यात मोठा लाभार्थी भारत होता, सुमारे ६.३ अब्ज डॉलरचा माल त्यातून गेला. ५ जून २०१९ ला अमेरिकेने भारताचं नाव काढून टाकलं. कारण दिलं की भारत आपली बाजारपेठ अमेरिकेला पुरेशी खुली करत नाही. दूधदुभत्याचा आणि वैद्यकीय उपकरणांचा वाद त्यामागे होता. बदल्यात काही मागायचं नाही, हा दिल्लीतला मूळ विचार, आणि एकावन्न वर्षांनी दिल्लीकडेच बदल्यात मागितलं गेलं.

आणि आता आपण देणारे

इथे गोष्ट वळते, आणि मला वाटतं हाच भाग आपल्याला जास्त अवघड जायला हवा.

२००८ च्या एप्रिलमध्ये भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जाहीर केलं की सगळ्यात कमी विकसित देशांच्या मालाला भारत करमुक्त किंवा कमी करात प्रवेश देईल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये योजना सुरू झाली. आफ्रिकेच्या कामाच्या वस्तू म्हणून जी नावं घेतली गेली त्यांत काजू होता, कोको होता आणि कापूसही होता.

माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या या चार देशांत कापूस म्हणजे लाखो कुटुंबांचं रोख उत्पन्न. २००३ मध्ये या चौघांनी मिळून जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली की श्रीमंत देश, विशेषतः अमेरिका, आपल्या कापूस उत्पादकांना इतकं अनुदान देतात की जगातला भाव पडतो आणि मरतो आमचा शेतकरी. हे वाक्य वऱ्हाडी बोलीत म्हणून बघा. कारंज्याच्या बाजारात कोणीही मान डोलावेल.

२०२१ च्या अर्थसंकल्पात भारताने कापसाच्या आयातीवर सगळे उपकर धरून ११ टक्के कर लावला. मालीच्या शेतकऱ्याला शून्य म्हणजे आपल्या बाजारात एक स्पर्धक वाढला. मग आपण काय म्हणायचं? तेच, जे एकेकाळी मँचेस्टर म्हणत होतं?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. मालीच्या शेतकऱ्याचं शून्य आणि १८८२ चं शून्य एकच नाही. एक दुबळ्यासाठी आहे, दुसरं बळकटासाठी होतं. आणि दुसऱ्याला मिळालेलं शून्य आपल्याही कामी येतं, याचं उदाहरण शेजारीच आहे. युरोपने २००१ पासून सगळ्यात गरीब देशांना शस्त्रं सोडून सगळ्या मालावर शून्य जकात दिली. त्यात बांगलादेश होता. २०११ पासून नियम सैल झाले, कापड कुठलंही असो, बांगलादेशात शिवलं की युरोपात शून्य. तिथे शिलाईचे कारखाने वाढले आणि त्यांना लागलेला कापूस आणि सूत मोठ्या प्रमाणात भारतातून गेलं. सवलत ढाक्याला, मागणी विदर्भ आणि गुजरातलाही.

खरा घाव वेगळ्याच शून्याने बसतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. कपड्यांचे निर्यातदार अडचणीत आले, त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचा ११ टक्के कर उठवला. आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. हे शून्य गरीब देशांपुरतं नव्हतं, ब्राझील आणि अमेरिकेलाही होतं. तारखा बघा. विदर्भात वेचणी सुरू होते दसरा-दिवाळीच्या सुमारास. बोंडं फुटायची, कापूस घरात यायचा, बाजारात बंड्या आणि ट्रॅक्टर लागायचे, नेमके तेच महिने. त्या हंगामाचा हमीभाव होता मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल. पण हमीभाव केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायची ऐपत सगळ्यांची नसते. ज्याला पैसे आज हवेत तो मिळेल त्या भावाला देतो.

तिरुपूरच्या शिलाई कामगाराची नोकरी वाचावी असं मलाही वाटतं. तीही आपलीच माणसं आहेत. प्रश्न एवढाच की अमेरिकेने लावलेल्या कराचा भार कारंज्याच्या शेतकऱ्याकडे सरकवला जात असताना, त्याच्या वतीने कोण बोलत होतं?

म्हणून ती खुर्ची. १८९७ च्या बाजार समितीत शेतकऱ्याला जागा नव्हती. ती पुढे मिळाली, आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार समिती कायद्यात तर शेतकऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बहुसंख्य असतात. त्या समित्या कशा चालतात यावर वेगळा भाग करावा लागेल, पण खुर्ची आहे. जकातीच्या टेबलाशी मात्र ती अजून नाही. १८८२ मध्ये नव्हती, १९३४ मध्ये नव्हती, २०२५ मध्येही दिसली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर बातमी येईल, 'अमुक मालावर शून्य टक्के', तेव्हा चार प्रश्न विचारा. कोणत्या देशासाठी? कोणत्या मालावर, आणि कोणता माल वगळून? किती दिवसांसाठी, आणि ते दिवस कोणाच्या हंगामात येतात? आणि हे ठरवताना कोण कोण बसलं होतं?

समृद्धीवरून जाताना एकदा कारंज्याला उतरा. वेशी बघा, गुरुमंदिरात जा, शकुंतलेचे रूळ शोधा. हंगाम असेल तर बाजार समितीत कापसाचा लिलाव उभं राहून ऐका. भाव पुकारणारा माणूस तिथे असतो. तो भाव कुठून येतो, ते आता तुम्हाला थोडं जास्त माहीत आहे.

भाग आवडला तर घरातल्या एखाद्या कापूस पिकवणाऱ्या माणसाला नक्की ऐकवा, आणि ते काय म्हणाले ते आम्हाला कळवा.